इंजिनाचं वजन आणि आबांचा खांदा

आमच्या जीपचं इंजिन फुटलं ते परळीकडच्या घाटात. गाडी माझा धाकटा भाऊ चालवत होता. मागं अकरा मेंढ्या होत्या, दोन बोकड होते. रेडिएटरचा पाइप कधी निसटला ते त्याला कळलंच नाही. काटा लालवर गेलेला दिसला तेव्हा त्यानं गाडी थांबवली आणि घाईघाईनं तापलेल्या इंजिनात कॅनमधलं गार पाणी ओतलं. कडाक असा आवाज झाला म्हणे. ज्या बिडाच्या ठोकळ्यात इंजिनाचं सगळं काळीज बसलेलं असतं, त्याला वीतभर तडा गेला.

ती जीप माझ्या वडिलांची, आबांची. आम्ही मेंढरं राखणारी माणसं. घाटनांदूरच्या पलीकडे आमची वस्ती. आमच्या भावकीत चार चाकं पहिल्यांदा आणली ती आबांनी. आजारी मेंढरं, बाळंतीण बाया, लोकरीची गठुळी, बारावीची पोरं, सगळं त्या जीपनं अंबाजोगाईला नेलं. पण दोन वर्षांपूर्वी टपावरून गठूळं उतरवताना आबा खाली आले आणि त्यांचा उजवा खांदा मोडला. हाड जुळलं, पण हात पूर्वीचा राहिला नाही. खांद्याच्या वर जाईना, जोर लागेना. त्या जुन्या जीपला पावर स्टेअरिंग नाही. उभ्या गाडीत चाक फिरवायचं म्हणजे धडधाकट माणसाचीही मान आखडते. आबांनी दोनदा प्रयत्न केला आणि किल्ली भावाच्या हातात दिली. त्यानंतर ते डाव्या सीटवर बसायचे, उजवा हात मांडीवर ठेवून, आणि भावाच्या प्रत्येक गियरला मान हलवायचे.

मी शाळेत विज्ञान शिकवते. गाडीतलं मला फार कळत नव्हतं. इंजिन फुटल्यावर भावानं मला फोन केला, तोही सल्ला विचारायला नव्हे.

“अक्का, इंजिन बदलावं लागतंय. अंबाजोगाईतच एका भंगारात मोठ्या पिकअपचं मिळतंय. लई दमदार हाय. परवा उचलतो.”

“आबा काय म्हणतात?”

“आबा काय म्हणणार? गाडी मीच चालवितो की.”

त्या शेवटच्या वाक्यावर मी अडले. रविवारी वस्तीवर गेले तेव्हा आबा ओट्यावर बसून एका मेंढीचं खूर साफ करत होते. मी सरळ विचारलं, “आबा, तुमाला पुन्यांदा गाडी चालवायची हाय का?”

त्यांनी खुरातला खडा काढला, मेंढीला सोडलं.

“चालवायची तर हाय. पण चाकच वळंना तर काय करू?”

मला तेवढं पुरेसं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी मिस्त्रींकडे गेले. अंबाजोगाईत आमची जीप पहिल्यापासून ज्यांच्या हाताखाली आहे ते हे म्हातारे मिस्त्री. मी त्यांना चाचा म्हणते. आमच्या जीपचं इंजिन त्यांनी काढून ठेवलं होतं आणि पुढचा भाग दात पडलेल्या तोंडासारखा रिकामा दिसत होता.

“चाचा, स्टेअरिंग जड कशानं होतं?”

“पुढच्या चाकांवर वजन किती हाय, त्याच्यावर असतंय बेटी. इंजिन म्हंजे नाकावर ठेवलेला दगड. दगड मोठा, तर मान वळवायला तरास.”

“पावर स्टेअरिंग बसवता येईल?”

“बसवाया येतं. पण या जुन्या चेसीला कापाकापी करावी लागंल. मी करणार न्हाई. मला पटत न्हाई.”

“मग हलकं इंजिन टाकलं तर?”

चाचांनी चष्मा वर केला. “तुझा भाऊ तर मोठं टाकाया निघालाय.”

“किती वजन आहे त्याचं?”

“भंगारवाला एकशे नव्वद किलो सांगतोय. जुन्यापेक्षा हलकं, म्हणतोय.”

मोठं इंजिन जुन्यापेक्षा हलकं, हे मला पटेना. आमच्या घरात वजनाचा अविश्वास रक्तातच आहे. बाजारात बकरं विकायला आणणारे काही जण आदल्या दिवशी त्याला मीठ चारतात, मग ते तहानेनं पोटभर पाणी पितं आणि काट्यावर दीड-दोन किलो जास्त भरतं. मेंढी कातरायच्या आधी तोलली की नंतर, यानंही फरक पडतो. आबा कुठल्याही जनावराचं वजन ऐकलं की आधी विचारायचे, “कवा तोललं?” मी तोच प्रश्न इंजिनाला लावायचं ठरवलं.

भाऊ इंजिन आणायला निघाला तेव्हा मी आडवी उभी राहिले. “आधी तोलायचं. मग बघू.”

“कावून? इंजिन काय बोकड हाय का?”

“तोलल्याशिवाय उचलायचं न्हाई.”

तो चिडला, पण आला. भुसार मालाच्या आडतीवर मोठा काटा असतो, तिथं आम्ही चाचांना सोबत घेऊन दोन्ही इंजिनं नेली. आधी आमचं फुटलेलं ठेवलं. स्टार्टर, डायनामो, मागचं जड फ्लायव्हील, क्लच, सगळं त्याला लागलेलंच होतं. फक्त तेल काढलेलं. दोनशे चौदा किलो. मग भंगारवाल्याचं मोठं इंजिन ठेवलं. खरंच एकशे नव्वद. भाऊ माझ्याकडे बघून हसला.

चाचा मात्र इंजिनाभोवती एक फेरी मारून आले. “याचं स्टार्टर कुठाय? डायनामो? फ्लायव्हील? हे तर नागडं इंजिन हाय बे!”

सोबत आलेला भंगारवाला म्हणाला, “ते सगळं टेम्पोत पोत्यात हाय की.”

पोतं आणलं. एकेक वस्तू इंजिनावर ठेवत गेलो तसा काटा चढत गेला. फ्लायव्हील आणि क्लचनंच मोठी उडी मारली. शेवटी आकडा थांबला दोनशे सेहेचाळीसवर. मग गियरबॉक्स. आमचा जुना अठ्ठेचाळीस किलो, त्या पिकअपचा बासष्ट. दोन्ही मिळून आमच्यापेक्षा सेहेचाळीस किलो जास्त, म्हणजे एक चांगला मेंढा कायमचा नाकावर बसवल्यासारखं.

मी वहीत लिहून घेतलं. भावाचं हसू गेलं होतं, पण हट्ट गेला नव्हता. “वजन हाय म्हंजे दम बी हाय. घाटात काय हलकं इंजिन वढणार हाय का?”

हा प्रश्न खोटा नव्हता. त्याला मेंढरं घेऊन महिन्यात चार वेळा घाट चढायचा असतो. मी आकड्यांच्या खाली ‘घाट’ असं लिहून ठेवलं.

चाचांनी सांगितलं की छोट्या मालवाहू गाडीचं डिझेल इंजिन आमच्या जीपला बसू शकेल, कारण तेही आमच्यासारखंच उभं बसतं आणि मागची चाकं ओढतं. मोटारगाडीची बरीच इंजिनं आडवी असतात, ती कितीही हलकी असली तरी आपल्या कामाची नाहीत, म्हणाले. त्यांनी चार ठिकाणी फोन केले. असं एक इंजिन कड्याला होतं. मागून ठोकलेल्या गाडीचं, त्यामुळे पुढचा भाग शाबूत. कडा म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. एका सुट्टीच्या दिवशी मी आणि चाचा एसटीनं गेलो. भाऊ आला नाही.

कड्याच्या त्या माणसाला मी आधीच सांगितलं, “स्टार्टरपासून क्लचपर्यंत सगळं लावलेलं असताना तोलायचं, आणि तेल काढून.” त्यानं चाचांकडे पाहिलं, बाई काय बोलतेय अशा नजरेनं. चाचा म्हणाले, “मॅडम म्हणतात तसं करा.” त्या माणसानं इंजिन चालू करून दाखवलं, चाचांनी धूर पाहिला, कॉम्प्रेशन तपासलं. मग तेल काढून काट्यावर. एकशे अठ्ठेचाळीस. त्याचा स्वतःचा गियरबॉक्स चौतीस. मी आकडे दोनदा वाचले. आमच्या इंजिनापेक्षा सहासष्ट किलो कमी.

परतीच्या एसटीत चाचा म्हणाले, “हलकं हाय, मान्य. पण ह्याचा गियरबॉक्स आपल्या जीपला नाजूक पडंल. पहिला गियर पाहिजे तसा जड न्हाई. घाटात तुझा भाऊ शिव्या दील.”

“मग इंजिन हे आणि गियरबॉक्स आपला जुनाच ठेवला तर? जुन्याचा पहिला गियर तर दांडगा आहे.”

त्यांनी खिशातून पेन्सिल काढली. पाटोदा मागं पडेपर्यंत तिकिटामागं भोकं काढून जुळवत राहिले. मग म्हणाले, “मधी एक लोखंडी प्लेट कातावी लागंल. दोघांची भोकं जुळवाया. आठ-नऊ किलो वाढतील.”

“गियरबॉक्स कुठं बसतो? पुढच्या चाकांवर?”

“न्हाई, बराच मागं. डायवरच्या पायाशी.”

“मग त्याचं वजन पुढच्या चाकांवर थोडंच येणार. हलकं करायचं ते नाकावरचं.”

चाचा पहिल्यांदा मनापासून हसले. “शाळंत हेच शिकवितीस व्हय?”

हेच शिकवते. तरफ, आठवीचा धडा. पण कागदावर मांडून माझं समाधान होईना. सहासष्ट किलो कमी झाल्यानं आबांच्या हातात चाक येणार का, हे मला इंजिन आणायच्या आधी कळायला हवं होतं. दोनदा हरलेल्या माणसाला तिसऱ्यांदा हरवायला मी तयार नव्हते.

म्हणून वाळू आणली. जीपचं पुढचं पोट तसंही रिकामं होतं. इंजिन जिथं टेकतं तिथं चाचांनी फळ्या टाकल्या आणि आम्ही पोती तोलून त्यावर ठेवली. आधी मोठ्या इंजिनाएवढी, मग जुन्याएवढी, मग छोट्याएवढी. दर वेळी मी शेळ्या तोलायचा स्प्रिंगकाटा स्टेअरिंगच्या कडेला अडकवून ओढला आणि चाकं वळायला लागली त्या क्षणाचा आकडा वाचला. मोठ्याला सोळा किलो. जुन्याला साडेचौदा. छोट्याला तेरा.

भाऊ त्या दिवशी आबांना घेऊन आला होता. पोती त्यानंच उचलली, तोंड फुगवून.

आता आबांचा जोर मोजायचा होता. त्यांना डावीकडे वळवताना अडचण नव्हती, डावा हात ठणठणीत होता. उजवीकडे वळवताना उजव्या हातानं खाली ओढावं लागतं, तिथं सगळं अडायचं. चाचांनी एका जुन्या गाडीचं स्टेअरिंग शोधलं, ते खांबाला फिरतं बसवलं, समोर स्टूल ठेवलं आणि चाकाच्या कडेला काटा बांधला. मी आबांना म्हणाले, “बसा. उजवीकडं फिरवा, जेवढा जोर लागंल तेवढा.”

आबा उभेच राहिले.

“मला काय बकरं समजलीस का गं? काट्याला लावतीस?”

गॅरेजमधले पाने थांबले. मला तोंडावर मारल्यासारखं झालं. हा माणूस तालुक्यातल्या कुठल्याही रस्त्यावर एका हातानं जीप न्यायचा, आणि मी त्याला चार माणसांसमोर स्टुलावर बसवून त्याच्या हाताची किंमत करत होते. मी काटा सोडवायला लागले. गाठ घट्ट बसली होती, सुटेना.

“ऱ्हाऊ द्या आबा,” मी म्हणाले. “माझं चुकलं. पण अंदाजानं इंजिन आणलं आणि चाक न्हाई वळलं, तर तुमी पुन्यांदा गाडीत बसणार न्हाईत. मला माहीत हाय.”

त्यांनी माझा हात काट्यावरून बाजूला केला. मग टोपी काढून चाचांच्या हातात दिली आणि स्टुलावर बसले.

“वाच,” म्हणाले.

दात आवळून त्यांनी चाक ओढलं. मानेची शीर वर आली. काटा दहावर गेला, बारावर, तेरावर, आणि चौदावर थरथरत थांबला. त्यांनी हात सोडला आणि खांदा दाबत बसले.

“किती?”

“चौदा.”

“आन् जुन्या इंजिनाला किती लागत होते?”

“साडेचौदा.”

आबा खाली बघत हसले, पण ते हसू चांगलं नव्हतं. “म्हंजे अर्ध्या किलोनं गाडी सुटली व्हय माझी.”

चाचांनी टोपी परत त्यांच्या हातात दिली. मग भाऊच पुढं आला. वाळूनं माखलेले हात त्यानं पँटीला पुसले. “अक्का, कड्याचंच आणू. घाटात न्हाई चढलं तर मी उतरून ढकलीन.”

इंजिन आणायला तोच गेला. पण ते बसवायच्या आधी आरटीओची परवानगी घ्यावी लागते, नाहीतर गाडी रस्त्यावर आणता येत नाही. डिझेलच्या जागी डिझेलच होतं, इंजिनाची कागदपत्रं होती, तरी अर्ज, तपासणी, पुन्हा अर्ज असं करत मला चार खेपा पडल्या. मी प्रत्येक खेपेला वही सोबत नेली. मोटार वाहन निरीक्षकांनी ती उलटून पाहिली आणि विचारलं, “हे वाळूचं काय आहे?” मी सगळं सांगितलं. त्यांनी वही परत दिली आणि पुढच्या तपासणीला काय काय तयार ठेवायचं ते नीट लिहून दिलं.

तोवर आबा दर दोन दिवसांनी दवाखान्यात जायला लागले होते. खांदा मोडला तेव्हा सांगितलेले व्यायाम त्यांनी महिनाभरात सोडून दिले होते. आता फिजिओथेरपीच्या बाईंनी दिलेला रबरी पट्टा ओट्याच्या खांबाला बांधलेला असायचा आणि सकाळी मेंढरं सुटायच्या आधी त्यांचं ओढणं चालायचं. आईनं मला सांगितलं, रात्री खांदा शेकून द्यावा लागतो, पण बंद करा म्हटलेलं चालत नाही.

प्लेट कातायला चाचांना दोनदा लेथवर जावं लागलं. पहिली केसभर वाकडी आली, ती त्यांनी बाजूला फेकून दिली. दुसरी नऊ किलोची भरली, मी तोलली. इंजिन बसल्यावर जीपचं नाक वर आलं, कारण पुढचे कमानपाटे जुन्या वजनाच्या हिशेबानं केलेले होते. चाचांनी दोन्ही बाजूंचं एकेक पान काढलं. पुढच्या चाकांच्या खुंट्यांमधलं वर्षानुवर्षांचं वाळलेलं ग्रीस खरवडून नवं भरलं. मग आम्ही जीप वजनकाट्यावर नेली. इंजिन फुटायच्या आधीची एक पावती आबांच्या डब्यात होती, तिच्यावर अख्खी गाडी चौदाशे ऐंशी आणि नुसती पुढची चाकं आठशे. आता अख्खी चौदाशे वीस, पुढची चाकं सातशे चाळीस. मागच्या चाकांवरचं वजन होतं तेवढंच. मी गॅरेजमध्ये परत येऊन काटा स्टेअरिंगला लावला. बारा.

घाटात गाडी आधी भावानं नेली, तेरा मेंढरं भरून. मी त्याच्या शेजारी होते. जिथं जुनं इंजिन तिसऱ्यावर चढायचं तिथं हे दुसऱ्यावर आलं. एका वळणावर तर त्याला पहिला टाकावा लागला, आणि जुन्या गियरबॉक्सचा तो पहिला दांडगा निघाला. गाडी हळू चढली, पण थांबली नाही आणि तापलीही नाही. वर आल्यावर भाऊ म्हणाला, “चढतंय. पण लई वरडतंय.” त्याचं म्हणणं खरं होतं. पूर्वीचा वेग गेला तो गेलाच. भरल्या गाडीला घाटात आता दहा-बारा मिनिटं जास्त लागतात आणि मागून येणाऱ्यांचे हॉर्न ऐकावे लागतात. भावानं ते सोसलं, हे मी विसरत नाही.

आबा आधी आठवडाभर आमच्या पडीक रानात गाडी फिरवत होते. डॉक्टरांनी तपासून हरकत नाही म्हटल्यावर एका सकाळी मला शाळेला सोडायला निघाले. मी डावीकडे बसले. बोलायचं नाही असं ठरवलं होतं. डांबरी लागली, आबांनी तिसरा टाकला, चौथा टाकला. घाटनांदूरच्या अलीकडे रस्ता अरुंद होतो. तिथं समोरून उसाचा ट्रॅक्टर आला, मागं दोन ट्रॉल्या, दोन्ही रस्त्याच्या बाहेर लोंबणाऱ्या. त्याला मागं जाता येण्यासारखं नव्हतं. जायचं तर आम्हालाच मागं जाऊन उजवीकडच्या शेताच्या तोंडात शिरावं लागणार होतं. चाक पूर्ण उजवीकडे.

“आबा, मी उतरून मागं बघू का?”

“बस गप.”

त्यांनी रिव्हर्स टाकला. गाडी जराशी हलती ठेवून उजवा हात वर नेला, जाईल तेवढा, आणि खाली ओढला. परत वर नेला, परत ओढला. ओठ आवळलेले होते. डावा हात खालून ढकलत होता. चाक वळलं. पहिल्या खेपेला मागचं टायर चारीच्या काठाला लागलं. ते थांबले, दम घेतला, गाडी पुढं घेतली आणि पुन्हा मागं नेली. दुसऱ्या खेपेला जीप शेताच्या तोंडात नीट शिरली. ट्रॅक्टरवाल्यानं दोन्ही ट्रॉल्या शेजारून काढल्या आणि जाताना हात वर केला. आबांनीही केला, डावा.

मग खांदा चोळत ते थोडा वेळ तसेच बसले. कपाळावर घाम होता.

“शाळा कितीला भरती तुझी?”

“हाय अजून पाऊण तास.”

“मग पलीकडच्या माळावर तुझा भाऊ मेंढरं घिऊन बसलाय, त्याला भाकरी द्यायची ऱ्हायलीय. देऊन जाऊ,” असं म्हणत त्यांनी पहिला गियर टाकला आणि गाडी रस्त्यावर घेतली.